कथबर्ट ब्रॉड्रिकची पंधरा वर्षं

लीड्सच्या टाऊन हॉलसमोर नवीन माणसाला नेलं की तो हमखास विचारतो, हे कोणी बांधलं, लंडनचा कोणी मोठा आर्किटेक्ट होता का? नाही. यॉर्कशरमधल्याच हल या बंदराच्या गावचा एक जेमतेम तिशीतला मुलगा होता, कथबर्ट ब्रॉड्रिक त्याचं नाव, आणि तोवर त्याच्या नावावर सांगण्यासारखं मोठं काम जवळपास नव्हतंच. मी या शहरात राहायला आल्यापासून या माणसाच्या मागे लागलेय, जिथे जाईन तिथे त्याची एखादी बिल्डिंग आहे का ते आधी बघते. आणि जितकं वाचत गेले तितकं एक खटकायला लागलं, की त्याच्याबद्दल लिहिणारे बरेच जण शेवटी हळहळतात. एवढा टॅलेंटेड माणूस, पण लंडनमध्ये काही जमलं नाही, पन्नाशीच्या आतच काम सोडलं, वाया गेला बिचारा. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा लेख.

त्याचा जन्म १८२१ चा, डिसेंबरचा. घर खाऊनपिऊन सुखी, वडील हलमधले व्यापारी आणि जहाजमालक. त्या काळात आर्किटेक्ट व्हायला कॉलेज वगैरे भानगड नव्हती. एखाद्या चालत्या ऑफिसात पैसे भरून उमेदवारी करायची, काही वर्षं दुसऱ्याचे नकाशे उतरवायचे, साइटवर जाऊन मोजमापं घ्यायची, आणि त्यातूनच जे काय शिकायचं ते शिकायचं. ब्रॉड्रिक १८३७ मध्ये हेन्री लॉकवुड नावाच्या आर्किटेक्टकडे लागला. हा लॉकवुड पुढे ब्रॅडफर्डला गेला आणि मॉसन नावाच्या पार्टनरबरोबर त्याने सॉल्टेअरची अख्खी गिरणी-वसाहत उभी केली, म्हणजे गुरू काही लहानसहान नव्हता. उमेदवारी संपली तसा ब्रॉड्रिक फ्रान्स-इटलीच्या दौऱ्यावर निघाला, वही आणि पेन्सिल घेऊन. हे घरच्या पैशांमुळे शक्य झालं, हे सांगायलाच हवं, कारण त्याच्याच वयाची किती पोरं हल-लीड्सच्या ऑफिसांत नकाशे उतरवत बसली असतील ज्यांना पॅरिस फक्त पुस्तकातल्या चित्रांतून माहीत होतं. परत आल्यावर लॉकवुडने त्याला पार्टनर हो म्हणून विचारलं, तर याने नाही म्हटलं आणि हलमध्येच स्वतःचं ऑफिस थाटलं. चोवीस-पंचवीसच्या वयात एवढी धमक.

आता लीड्सची त्या वेळची अवस्था बघा. लोकर, लिननच्या सूतगिरण्या, मशिनरी, सगळ्यात पैसा, आणि शहर धुराने काळंकुट्ट. आजूबाजूची गावं धरून पावणेदोन लाखांच्या आसपास लोकवस्ती, पण सभा घ्यायला धड हॉल नाही, कोर्ट अपुरं, कौन्सिल कुठेतरी कसंबसं बसतंय. आणि तिकडे जेमतेम पंधरा किलोमीटरवरच्या ब्रॅडफर्डने सेंट जॉर्जेस हॉल बांधायला घेतलेला, १८५३ ला उघडलासुद्धा, आणि तो बांधणारा कोण, तर लॉकवुडच. लीड्सच्या लोकांच्या हे किती जिव्हारी लागलं असेल ते शेजारशेजारच्या दोन गावांची चुरस ज्याने बघितलीय त्याला वेगळं सांगायला नको. त्यातून टाऊन हॉलची स्पर्धा निघाली, १८५२ मध्ये. परीक्षकांना सल्ला द्यायला बोलावलं सर चार्ल्स बॅरींना, जे तेव्हा लंडनला पार्लमेंटची बिल्डिंग बांधत होते. पहिला नंबर ब्रॉड्रिकचा आला. दुसरा लॉकवुड आणि मॉसनचा.

हा निकाल कळल्यावर गुरूला काय वाटलं असेल हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. पण त्याहून मला कौन्सिलचं कौतुक वाटतं. पोरगा लहान आहे, एवढं काम पेलेल का, अशी शंका होतीच, बॅरींनी सांगितलं की खुशाल द्या, आणि त्यांनी दिलं. कुठल्याही अनुभवाच्या अटीत तो बसला नसता. आज एखाद्या मोठ्या सरकारी कामाचं टेंडर काढून बघा, मागच्या पाच वर्षांची उलाढाल, अशाच स्वरूपाची तीन पूर्ण केलेली कामं, ही यादी वाचूनच तिशीतला माणूस परत जातो. मी स्वतः बांधकामाच्या क्षेत्रात इस्टिमेटचं काम करते त्यामुळे या अटी का घालतात हे मला ठाऊक आहे, त्यांना कारणं आहेत, आणि या टाऊन हॉलच्या बाबतीत ती सगळी कारणं खरी ठरली. १८५३ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. सुरुवातीचा अंदाज चाळीस हजार पौंडांच्या आसपासचा, शेवटी खर्च गेला एक लाख वीस हजारांच्या वर. सॅम्युअल ॲटॅक नावाच्या कंत्राटदाराचं काम संपायच्या आत दिवाळं निघालं. ब्रॉड्रिकला दगडाच्या घडणीत तडजोड नको होती आणि मधेच काहीतरी वाढवत राहायची सवय होती, आणि इस्टिमेट करणारी म्हणून सांगते, असा आर्किटेक्ट असला की कंत्राटदाराची झोप उडते. ॲटॅकबद्दल वाईट वाटतंच. भिंतींवर त्याचं नाव कोणी शोधत नाही, पण त्या भिंतींचा मोठा भाग त्याच्या गवंड्यांनी रचलाय.

टॉवरचं प्रकरण तर सगळ्यात गाजलं. मूळ डिझाइनमध्ये आज दिसतो तो टॉवर नव्हता. बॅरींचं म्हणणं पडलं की टॉवर हवा. जॉन डीकिन हीटन नावाचे एक डॉक्टर होते, ते तर सभांमधून टॉवरसाठी भांडत होते. डॉक्टरला टॉवरचं काय पडलंय? पण त्यांचं म्हणणं असं की नुसत्या पैशाच्या मागे लागलेल्या शहराने एक तरी गोष्ट उपयोगाचा हिशेब न करता बांधावी. विरोधक म्हणत, टॉवरमध्ये ना कोर्ट बसणार ना कौन्सिल, मग करदात्याने पैसे का द्यायचे? बिल्डिंग अर्धी वर आली तरी वाद चालूच. शेवटी टॉवरवाले जिंकले आणि २२५ फुटांचा तो टॉवर, घुमट आणि घड्याळासकट, उभा राहिला. आता तो काढून टाकून त्या बिल्डिंगची कल्पना करून बघा, खाली खांबांची एवढी भक्कम रांग आणि वर सपाट, काहीच नाही. मला तरी ती एखाद्या बँकेसारखी दिसते.

७ सप्टेंबर १८५८ ला व्हिक्टोरिया राणी उद्घाटनाला आली. मेयर होता पीटर फेअरबर्न, स्वतः मशिनरीचा कारखानदार, राणी त्याच्याच घरी उतरली आणि त्याला सर ही पदवी देऊन गेली. आत मोठ्या हॉलच्या भिंतींवर सुविचार रंगवलेत, प्रामाणिकपणा हेच उत्तम धोरण वगैरे, आणि त्यातला एक कापडवाल्यांच्या गावाला शोभेल असा, सत्य आणि विश्वास एकत्र विणा. त्याच बिल्डिंगच्या पोटात खाली पोलीस कोठड्या होत्या. वर संगीत महोत्सव, मधे न्यायाधीश, खाली चोर. एकाच छपराखाली हे सगळं बसवायचं, प्रत्येकाचे जिने वेगळे, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या, हे त्या तिशीतल्या माणसाने कागदावर सोडवलं होतं आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, सगळे खांबांबद्दल बोलतात.

दगड जवळच्या खाणींमधला, मिलस्टोन ग्रिट, जाडाभरडा, हाताला खरखरीत. गिरण्यांच्या धुराने तो शंभर वर्षांत पार काळा झाला, १९७० च्या सुमारास घासून साफ केला. जुने लोक सांगतात की त्यांना लहानपणी वाटायचं तो काळ्या दगडाचाच आहे. पायऱ्यांजवळचे चार सिंह मात्र पोर्टलंड स्टोनचे, हलच्याच कीवर्थ नावाच्या शिल्पकाराने केलेले, १८६७ साली बसवले. तो दगड मऊ. सिंहांच्या आयाळीवरून बोट फिरवलं तर कडा गेलेल्या कळतात, आणि मागच्या भिंतीचा ग्रिट मात्र अजून तासल्याच्या खुणा धरून आहे.

पण माझी सगळ्यात लाडकी बिल्डिंग टाऊन हॉल नाही, कॉर्न एक्स्चेंज आहे, १८६१ ते ६३ च्या दरम्यान बांधलेली. धान्याचा बाजार. लंबवर्तुळाकार बिल्डिंग, बाहेरून प्रत्येक दगड चौपैलू टोकदार कापलेला, म्हणजे ऊन तिरपं पडलं की प्रत्येक दगडाच्या दोन बाजू उजळ आणि दोन सावलीत, आणि सूर्य सरकेल तशा त्या बदलत जातात. कोपराच नाही त्या बिल्डिंगला, चालत राहिलं तरी पुढची बाजू संपत नाही. आत शिरलं की मधे मोकळी जागा, कडेने दोन मजल्यांवर व्यापाऱ्यांच्या ऑफिसांच्या रांगा, वर लोखंडी कमानींचा घुमट. आणि घुमटाची उत्तरेकडची बाजू काचेची.

उत्तरेकडचीच का, हे मला पहिल्यांदा वाचल्यावर लगेच समजलं, कारण माझ्या मामांची बार्शीच्या मार्केट यार्डात अडत होती. पोत्यात सळई खुपसून मूठभर ज्वारी काढायची, ती तळहातावर घ्यायची, आणि मग मामा दुकानाच्या आत ती कधीच बघायचे नाहीत, उंबऱ्यापर्यंत यायचे, पण उन्हात जायचे नाहीत. उन्हात दाणा असतो त्यापेक्षा पिवळा दिसतो, अंधारात डाग लपतो. सावलीतला सारखा उजेड हवा. लीड्सच्या व्यापाऱ्यालाही तेच हवं होतं, इंग्लंडमध्ये तो उजेड उत्तरेच्या आकाशातून मिळतो, दिवसभर जवळपास सारखा, थेट ऊन न येता. ब्रॉड्रिकने अख्खा घुमट त्या मूठभर धान्यासाठी वळवला. आर्किटेक्चरबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं या एका काचेने शिकवलंय.

ही कल्पना त्याने कुठून आणली तेही माहीत आहे. पॅरिसमध्ये धान्याची एक गोल बाजार-इमारत होती, आल ओ ब्ले, तिच्यावर बेलांजे नावाच्या आर्किटेक्टने १८१० च्या सुमारास लोखंडी घुमट चढवला होता, तसं काम जगात आधी फारसं कोणी केलं नव्हतं. दौऱ्यावरचा तरुण ब्रॉड्रिक ती बघून आला, आणि पंधराएक वर्षांनी यॉर्कशरमध्ये तिचं स्वतःचं रूप उभं केलं. नक्कल म्हणावी का? मी नाही म्हणणार. पॅरिसचा गोल त्याने लांबट केला, उजेडाचं गणित आपल्या कामाप्रमाणे मांडलं, आणि बाहेरचा तो पैलूदार दगड तर बेलांजेच्या घुमटाखाली कुठेच नाही. आज दोन्ही ठिकाणी धान्य नाही. पॅरिसच्या इमारतीत २०२१ पासून आर्ट म्युझियम आहे, लीड्सच्या इमारतीत छोटी दुकानं, रेकॉर्डवाला, दागिने, कॉफी.

पुढची तीन-चार वर्षं म्हणजे कामाचा पूर. हलला टाऊन हॉल, लीड्सला मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, कुकरिज स्ट्रीटवर ओरिएंटल बाथ्स नावाची स्नानगृहं, हेडिंग्लीला चर्च, आणि स्कार्बरोला समुद्राच्या कड्यावर ग्रँड हॉटेल. हे ग्रँड हॉटेल १८६७ ला उघडलं तेव्हा युरोपातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलांमध्ये मोजलं जायचं. चार टॉवर म्हणजे चार ऋतू, बारा मजले म्हणजे महिने, ५२ धुराडी म्हणजे आठवडे आणि ३६५ खोल्या म्हणजे दिवस, अशी त्याची सगळीकडे सांगितली जाणारी रचना. आंघोळीला गोड्या पाण्याच्या नळांशेजारी समुद्राच्या पाण्याचेही नळ होते. त्याच जागेवर आधी जी घरं होती त्यातल्या एकात लेखिका ॲन ब्राँटे १८४९ ला वारली, आजारी असताना समुद्राची हवा घ्यायला आली होती, त्याची पाटी आहे तिथे. १९१४ च्या डिसेंबरात जर्मन जहाजांनी स्कार्बरोवर तोफा डागल्या तेव्हा हॉटेललाही गोळे लागले. समोरून बघताना मला ती बिल्डिंग जरा जास्तच वाटते, प्रत्येक खिडकीवर काहीतरी, पण खाली वाळूवर उतरून वर बघा, कड्यातूनच उगवल्यासारखी दिसते, आणि पिवळ्या विटेवरचं लाल टेराकोटाचं काम संध्याकाळी फार सुंदर पेटतं.

आणि मग थांबलंच सगळं. १८६६ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीसाठी स्पर्धा होती, ब्रॉड्रिकने भाग घेतला, जमलं नाही. आवड बदलत होती, सगळ्यांना आता गॉथिक हवं होतं, टोकदार कमानी आणि मनोरे, आणि याचा जीव रोमन खांबात आणि फ्रेंच छपरात. लॉकवुड आणि मॉसनने ब्रॅडफर्डचा टाऊन हॉल गॉथिकमध्ये बांधला, १८७३ ला पूर्ण केला, त्यांनी वारं बघून शीड फिरवलं. ब्रॉड्रिकने नाही फिरवलं. पन्नाशीच्या आत इंग्लंडमधला कारभार आवरून तो फ्रान्सला गेला, पॅरिसजवळ ल वेझिनेला राहिला, बाग केली, चित्रं काढली. १८९८ च्या सुमारास जर्सी बेटावर, आणि तिथेच १९०५ च्या मार्चमध्ये, ८३ व्या वर्षी गेला. म्हणजे काम सोडल्यावर तीसहून जास्त वर्षं जगला.

इथेच ते हळहळणारे लोक येतात. त्यांचं म्हणणं असं असतं की तो प्रांतातच, म्हणजे लंडनबाहेरच, अडकला. मी म्हणते, प्रांतात होता म्हणून तर एवढं झालं. लंडनला त्या वयात गेला असता तर एखाद्या बॅरीच्या ऑफिसात दहा वर्षं खिडक्यांच्या चौकटी काढत बसला असता. लंडनला पार्लमेंट आधीच होतं. टाऊन हॉल नसल्याची लाज लीड्सला होती, आणि अशी लाज आणि हातात रोख पैसा असलेलं गावच अनोळखी पोराला अख्खा चौक देतं. तोच इतिहास बाकीच्या उत्तर इंग्लंडचा आहे, न्यूकॅसलला डॉब्सन, चेस्टरला हॅरिसन, यॉर्कला कार, ही माणसं आयुष्यभर बहुतेक आपापल्या भागात राहिली आणि त्या भागाचा चेहरा त्यांनी घडवला. लीड्सच्याच विल्यम हिलने पुढे बोल्टनचा टाऊन हॉल बांधला तो उघड उघड ब्रॉड्रिकच्या वळणाचा, मग पोर्ट्समथला पुन्हा तेच. एका गावातली बिल्डिंग देशाच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत पोचली, आर्किटेक्ट मात्र केव्हाच बागेत.

आणि हीच उमेदवारीची पद्धत आपल्याकडेही येऊन पोचली होती, हे मला उशिरा लक्षात आलं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, व्हीटी बांधणारा, तो लंडनचा नव्हता. बाथ गावचा. तिथल्याच चार्ल्स डेव्हिसकडे उमेदवारी केली आणि १८६७ मध्ये, म्हणजे ग्रँड हॉटेल उघडलं त्याच वर्षी, पीडब्ल्यूडीच्या नोकरीवर विशीच्या आसपासचा हा मुलगा हिंदुस्थानात आला. १८७८ ला व्हीटीचं काम सुरू झालं तेव्हा तो जेमतेम तिशीचा, टाऊन हॉल मिळाला तेव्हाच्या ब्रॉड्रिकएवढाच जवळपास. पुढे बीएमसीची बिल्डिंगही त्याचीच, आणि १९०० साली मुंबईतच वारला. बाथला राहिला असता तर त्याला असं स्टेशन कोण देणार होतं? व्हीटीवर गर्दीत मान वर करून बघताना हा विचार करून बघा, शिवाय त्या दगडावरची पानंफुलं, माकडं, मोर हे जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातचं काम आहे हेही लक्षात ठेवा.

ब्रॉड्रिकचं सगळंच टिकलं नाही. हलची रॉयल इन्स्टिट्यूशन १९४३ च्या बॉम्बिंगमध्ये गेली. हलचा टाऊन हॉल तर पन्नास वर्षंही नाही राहिला, गिल्डहॉल बांधायला पाडला, त्याचा वरचा घुमट तेवढा काढून पिअर्सन पार्कमध्ये नेऊन ठेवला, अजून तिथेच गवतावर आहे. ओरिएंटल बाथ्स आधी बदलले, मग १९६९ ला पाडले, हे मात्र ऐकूनच राग येतो, कारण तोवर सगळ्यांना कळायला हवं होतं की आपण कोणाचं काम पाडतोय. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचं नशीब चांगलं निघालं. कामगारांना संध्याकाळी शिकता यावं म्हणून बांधलेली ती वास्तू, मधोमध गोल लेक्चर हॉल, पुढे थिएटर झाली आणि २००८ पासून सिटी म्युझियम आहे. शहराच्या आधीच्या म्युझियमचं १९४१ च्या हवाई हल्ल्यात मोठं नुकसान झालं होतं, टाऊन हॉललाही त्याच रात्री मार बसला होता, आणि इतक्या वर्षांनी म्युझियमला नवं घर मिळालं तेही ब्रॉड्रिकनेच बांधलेलं. म्युझियमसमोरच्या चौकात त्याच्या नावाचा एक पबसुद्धा आहे.

कोणी लीड्सला येणार असेल तर स्टेशनवरून आधी कॉर्न एक्स्चेंजला जा, शक्यतो सकाळी, ढगाळ दिवस असला तर उत्तमच. वरच्या गॅलरीत जाऊन एक चक्कर मारा आणि काचेची बाजू कुठली ते स्वतः ओळखा. तिथून चालत टाऊन हॉल, मग मागच्या रस्त्याने म्युझियम, तिन्ही मिळून अर्धा दिवस पुरतो आणि म्युझियमला तिकीट नाही. मुलं बरोबर असतील तर सिंहांपाशी वेळ जाईल हे धरून चाला. हेडिंग्लीचं चर्च बसच्या वाटेवर आहे, आत नाही गेलात तरी चालेल. स्कार्बरोला मात्र वेगळा दिवस ठेवा, आणि ओहोटीची वेळ बघून जा, नाहीतर वाळूवरून हॉटेल बघायला मिळणार नाही.